तेरा सेंटिमीटर

रत्नागिरीत मांडवी किनाऱ्यासमोर शिडाच्या बोटी नांगरलेल्या असल्या की सकाळी साडेसातला रेडिओवर त्यांची हजेरी व्हायची. या मासेमारीच्या बोटी नव्हेत. नऊ-दहा मीटर लांबीच्या, आत शेगडी, बिछाना आणि पुस्तकांचं फडताळ असलेल्या, ज्यात माणसं बारा महिने राहतात अशा. त्या मे महिन्यात अशा तीन होत्या. 'मेखला'वर सुमेधा आठल्ये एकटी राहायची. कॉलेजात बावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून तिनं मुदतीआधीच नोकरी सोडली होती. 'शीळ'वर मुकुल आणि भार्गवी हे तिशीतलं जोडपं राहायचं. दोघं लॅपटॉपवर पुण्यातल्या कंपन्यांची कामं करायची. आणि 'सांडवा'वर होते नाना, म्हणजे हरिहर केळकर, वय वर्षं एकाहत्तर. पोफळीच्या वीजघरात नोकरी संपवून नानांनी चिपळूणचा फ्लॅट विकला आणि बोट घेतली. "आयुष्यभर पाणी खाली सोडलं, आता त्याच्यावर बसून राहणार," असं ते सांगत. 'सांडवा' सोडून त्यांना दुसरं घर नव्हतं.

हजेरीत आधी प्रत्येक बोट आपलं नाव सांगे. मग सुमेधा त्या दिवशीची भरती-ओहोटी तक्त्यातून वाचून दाखवी. कुणी निघणार असेल तर शेवटी त्यानं विचारायचं, "कुणाचं काही माझ्याकडे राहिलंय का?" कारण वस्तू सतत इकडून तिकडे फिरत असत. एकाचा पाना दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा कुकर तिसऱ्याकडे. जे राहिलं असेल ते परत केल्याशिवाय नांगर उचलायचा नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण कुणी मोडल्याचंही ऐकिवात नव्हतं.

बारा मेला तिन्ही बोटी कोचीला निघणार होत्या. तिथल्या बंदरात पावसाळा काढायचा, हा दरवर्षीचा बेत. पण 'सांडवा'च्या सुकाणूची खालची बिजागरी सैल झाली होती. ती पाण्याखाली, आणि अशी बोट उचलून घेणारी यारी जवळपास नव्हती. तेव्हा जुना उपाय करायचा ठरला. भरतीला बोट भाट्याच्या खाडीच्या मुखाशी वाळूवर न्यायची, दोन्ही बाजूंना लाकडी टेकू द्यायचे, ओहोटीला कोरड्यात दुरुस्ती करायची आणि दुसऱ्या दिवशीच्या भरतीवर बोट तरंगवून बाहेर काढायची.

अमावस्या नुकतीच झाली होती. उधाणाच्या मोठ्या भरत्या चालू होत्या. सुमेधानं तक्ता पाहिला. नऊ मेच्या भरतीपेक्षा दहा मेची भरती पाच सेंटिमीटर जास्त होती.

"नाना, बोट अगदी भरतीच्या माथ्यावर वर घ्या," ती म्हणाली. "जितकी वर जाईल तितकं कोरडं जास्त वेळ मिळेल. उद्या पाच सेंटिमीटर जादा पाणी आहेच."

नानांनी तसं केलं. कील, म्हणजे बोटीच्या तळाचा कणा, वाळूला लागली तेव्हा भरती पुरी झाली होती. संध्याकाळपर्यंत बिजागरी बसली. मुकुलनं ती हलवून पाहिली, नानांनी हलवून पाहिली, आणि भार्गवीनं सगळ्यांना कोकम सरबत दिलं.

दहा मेला दुपारी पाणी चढलं, कीलच्या बाजूनं वर सरकलं, आणि आदल्या दिवशीच्या ओल्या रेघेच्या खालीच थांबलं. सुमेधा पाण्यात छातीभर उभी होती. तिनं पट्टी लावली. पाच सेंटिमीटर जास्त तर नव्हतंच. तेरा कमी होतं.

"चूक माझी," ती म्हणाली.

"बोट मी आणली गो," नाना वरून म्हणाले. "तू काय मला ढकलत आणलंस?"

"आकडा मी दिला."

"आकड्यावर चालते का बोट? चल, वर ये. चहा टाकतो."

ती वर गेली नाही. अकरा तारखेला पाणी आणखी खाली थांबलं. बाराला त्याहून खाली. उधाण ओसरत होतं आणि पुढचा आठवडा भांगाच्या भरत्यांचा, म्हणजे सगळ्यात कमी पाण्याचा होता. पुढचं मोठं पाणी पौर्णिमेनंतर, पंचवीस मेच्या आसपास. त्यानंतरचं जूनमध्ये. जूनमध्ये खाडीच्या मुखाशी पावसाळी लाटा सुरू होतात, आणि वाळूवर बसलेल्या बोटीचं त्या काय करतात ते तिथल्या कुणालाही सांगायला नको. नानांच्या घराला एकच भरती उरली होती.

बारा तारखेला सकाळी मथुरा तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायला वाळूवर आली. साठीची, काटक, हातात विळा आणि कमरेला टोपली. रोज ओहोटीला ती आणि तिच्या पाच सोबतिणी याच वाळूत बसत. ती सरळ सुमेधाकडे आली आणि टोपलीतून एक चप्पल काढून पुढे केली.

"ही तुजीच ना गो बाय?"

सुमेधाचीच होती. नऊ तारखेला सकाळी तिनं चपला नेहमीसारख्या मांडवीच्या जेट्टीच्या वरच्या पायरीवर ठेवल्या होत्या. परत आली तेव्हा एकच शिल्लक होती. कुत्र्यानं नेली असेल, असं म्हणून ती चिडली होती आणि विसरूनही गेली होती.

"कुठे सापडली?"

"हिकडं, खाडीच्या मुकाशी. पान्यानं आनली. त्या दिशी पानी पार वरल्या पायरीवर चढलंवतं. असं पावसाळ्यात चढतं. तू बघलंस नाय?"

सुमेधा चप्पल हातात घेऊन उभी राहिली. तिनं पाहिलं होतं. पायरी ओली होती, चप्पल गेली होती, आणि बावीस वर्षं मुलांना निरीक्षण शिकवणाऱ्या बाईनं कुत्र्याला दोष दिला होता. दूर दक्षिणेच्या समुद्रात वादळ झालं की त्याच्या लांब लाटा दोन-तीन दिवसांनी इथवर पोचतात. वारा नाही, पाऊस नाही, पण पाणी दिवसभर फुगून राहतं. तक्त्यात ते नसतं. तक्ता फक्त सूर्य-चंद्राचं सांगतो. नऊ मेला पाणी तक्त्यापेक्षा अठरा सेंटिमीटर तरी वर असणार, आणि त्या फुगलेल्या पाण्याच्या माथ्यावर तिनं नानांना बोट न्यायला सांगितलं होतं.

त्याच दिवशी तिनं एक बांबू आणला, त्यावर लाल तेलरंगानं सेंटिमीटरच्या खुणा केल्या आणि तो 'सांडवा'शेजारी वाळूत खोल रोवला. कील टेकली त्या पाण्याची रेघ बोटीच्या अंगावर अजून दिसत होती, तिथे शून्य. आता रोज दोन आकडे लिहायचे. तक्त्यातला आणि काठीवरचा.

संध्याकाळी मुकुल डिंगी, म्हणजे बोटीची लहान होडी, घेऊन 'मेखला'शी आला. बोटीवर चढला नाही. कठड्याला धरून डिंगीतच उभा राहिला.

"ताई, खरं सांगा. पंचवीसला बोट निघायची शक्यता किती?"

"आज नाही सांगता येणार. आठ दिवसांनी सांगेन."

"म्हणजे कमी."

"म्हणजे माहीत नाही."

"पंचवीसपर्यंत थांबलो तर आमचं कोची गेलं. तोवर तिकडे पाऊस सुरू झालेला असेल. मग आमची बोटही इथेच अडकली."

"बरोबर आहे," सुमेधा म्हणाली. "मी तुला थांब म्हणणार नाही. फक्त उद्यापासून नानांचं सामान उतरवायचंय. माझी बोट लहान आहे. तू जाईपर्यंत थोडं तुझ्याकडे ठेवशील?"

"ठेवीन की. त्यात काय," मुकुल म्हणाला.

तिनं वहीत हिशेब मांडला होता. 'सांडवा' एक सेंटिमीटर वर यायला साधारण पावणेदोनशे किलो वजन उतरवायला हवं. पिण्याचं पाणी, डिझेल, साठ मीटर साखळी, दोन नांगर, बॅटऱ्या, हत्यारं, पुस्तकं, भांडी, जादा शिडं असं सगळं मिळून बाराशे किलो. म्हणजे सात सेंटिमीटर.

"अजून बारा दिवस आहेत. आत्तापासून कशाला?" नाना म्हणाले.

"रोज दोन खेपा. घाईत काही विसरायला नको."

आपलं घर असं खोक्याखोक्यानं बाहेर जाताना पाहणं नानांना सोपं नव्हतं. शिलाई मशीन गेलं त्या दिवशी ते वाळूवर लांबवर फिरायला गेले आणि पाणी चढेपर्यंत परतले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पुस्तकांची खोकी त्यांनी स्वतः बांधून ठेवली होती. वर नावंही घातली होती. धरणं, समुद्र, किरकोळ.

सोळा तारखेच्या हजेरीत सुमेधानं भरती वाचली. ती थांबली तसे नाना बोलले.

"सांडवा बोलतोय. शीळ, तुम्ही आज निघा. वारा चांगला आहे. माझ्यापायी दोन बोटी अडकवण्यात अर्थ नाही. मी भावनेनं बोलत नाहीये, इंजिनिअर आहे. ओव्हर."

 सुमेधा माइक हातात धरून बसली होती. नानांचं म्हणणं बरोबर होतं. दोन रात्री 'शीळ'वर वाद चालला होता. पाण्यावरून आवाज लांब जातो, शब्द कळले नाहीत तरी सूर कळतो.

"शीळ बोलतेय," मुकुलचा आवाज आला. "ठीक आहे नाना, निघतो. निघायच्या आधी पद्धतीप्रमाणे विचारतो. कुणाचं काही माझ्याकडे राहिलंय का?"

माइकवर कागद उलगडल्याचा आवाज आला.

"मीच वाचतो मग. साखळी साठ मीटर. बॅटऱ्या दोन. शिलाई मशीन एक. पुस्तकांची खोकी अकरा, त्यातली धरणांची सात, जी कुणी वाचणार नाही. लोणच्याच्या बरण्या दोन. सगळं सांडवाचं. नाना, घेऊन जा, म्हणजे मला नांगर उचलता येईल. ओव्हर."

नाना म्हणाले, "लोणच्याला हात लावलास तर याद राख."

"एक बरणी उघडलीय नाना," मागून भार्गवी ओरडली. "आता तर आम्हाला जाताच येणार नाही!"

सुमेधानं माइक खाली ठेवला, वही उघडली आणि कामाला लागली.

वीस तारखेला तिच्याकडे आठ दिवसांचे आकडे होते. काठीवरचं पाणी रोज तक्त्यापेक्षा तीनएक सेंटिमीटर कमी भरत होतं. तो हिशेब धरला तर पंचवीसलाही नऊ मेच्या रेघेपेक्षा पाणी तेरा सेंटिमीटर खाली राहणार होतं. पुन्हा तेच तेरा. त्यातले सात सामान उतरवून मिळाले. उरले सहा.

बोट कलंडवली की तिची पाण्यातली खोली कमी होते. टेकू काढायचे, शिडाचा आडवा दांडा खाडीच्या बाजूला पुरा बाहेर काढायचा आणि त्याच्या टोकाला वजन लटकवायचं. वीसएक अंश कलली तर नऊ सेंटिमीटर मिळतील. लटकवलेलं वजन बोटीला दोन सेंटिमीटर खाली दाबील. म्हणजे सात. सहा हवेत, सात मिळतात. एक सेंटिमीटर शिल्लक.

वजन सव्वातीनशे किलो हवं होतं. पिंपांत पाणी भरून ते होण्यासारखं होतं, पण पिंपं आधी भरा आणि काम झाल्याबरोबर रिकामी करा, एवढा वेळ भरतीच्या माथ्यावर मिळत नाही. आपणहून चढणारं आणि आपणहून उतरणारं वजन हवं होतं. ओहोटीला ती मथुराकडे गेली. सहाही जणी वाळूत उकिडव्या बसून तिसऱ्या काढत होत्या.

"मथुराबाई, तुमचं वजन किती?"

विळा थांबला. "काय?"

"वजन. किलोत. सगळ्यांचं हवंय."

"घोवाला नाय सांगितलं कदी, तुला सांगू?"

सगळ्याजणी हसायला लागल्या. सुमेधानं वाळूवर बोटानं बोट काढली, दांडा काढला, टोकाला लटकवलेली डिंगी काढली आणि डिंगीत सहा टिंबं.

"आनि आमी त्यात बसायचं? टोपलीतल्या तिसऱ्यांवानी?"

"हो. पाण्यापासून हातभर वर."

"आनि दोर तुटला तर?"

"दोर दोन टनांचा आहे. तुटला तर खाली फक्त छातीएवढं पाणी आहे."

मथुरानं चित्राकडे बघितलं, मग बोटीकडे. "ही कमळा एकटी दोघींची हाय, हिला टोकाला बसव," ती म्हणाली, आणि कमळानं तिच्यावर ओली रेती उडवली. मग मथुरानं विळ्यानं चित्रावर एक रेघ ओढली. "आनि बोट आल्या वाटेनं नेऊ नको. तिकडं रेव भरलीय. हिकडून, खाडीच्या अंगानं काढ."

सुमेधानं मान डोलावली. पण या वेळी ती तेवढ्यावर थांबली नाही. दुपारच्या पाण्यात ती दोन्ही वाटांनी दुसरी एक काठी टेकत चालली. आल्या वाटेवर वाळू अकरा दिवसांत वीस सेंटिमीटर चढली होती. खाडीच्या अंगाला उतार तसाच होता. तिनं वहीत मथुराचं नाव लिहिलं आणि पुढे बरोबरची खूण केली.

संध्याकाळी टपरीवरचा वजनकाटा आणून सहा जणींची वजनं झाली. आकडा फक्त सुमेधानं पाहायचा, या अटीवर. बेरीज तीनशे एकतीस.

पंचवीस मेला सकाळी हवा स्वच्छ होती. बारा वाजायला दहा मिनिटं असताना भरती पुरी होणार होती. 'शीळ' खाडीच्या खोल पाण्यात नांगरून उभी होती आणि तिच्यापासून 'सांडवा'पर्यंत जाड दोर ताणलेला होता. तो दोर गुंडाळणाऱ्या चाकावर मुकुल. 'सांडवा'वर सुकाणूशी नाना, दांड्याच्या दोराशी भार्गवी. सुमेधा काठीशी, छातीभर पाण्यात.

साडेअकराला टेकू निघाले. बायका डिंगीत चढल्या, भार्गवीनं दोराचं चाक फिरवून डिंगी वर ओढली आणि 'सांडवा' हळूहळू खाडीकडे कलली. आत काहीतरी आपटलं.

"काय राहिलं आत?" सुमेधानं विचारलं.

"मी राहिलोय," नाना म्हणाले. "पातेलं पडलं. ओढा!"

मुकुलनं ओढलं. दोर ताणला, त्यातून पाणी निथळलं. बोट हलली नाही.

पावणेबाराला काठीवर उणे सोळा. पंधरा. चौदा झाले आणि तिथे पाणी रेंगाळू लागलं. हिशेबात उणे तेरा धरलं होतं. सुमेधानं डोळा पाण्याच्या पातळीला आणून पाहिलं. साडेचौदा आणि चौदाच्या मध्ये पाणी वरखाली होत होतं. बारा वाजले. वरखाली होणं थांबलं. काठीभोवती तरंगणारं एक पान जागीच फिरू लागलं. भरती संपली होती, आता काही मिनिटांत पाणी उलटणार होतं.

"ताई, किती?" मुकुल ओरडला.

"साडेचौदा!"

"म्हणजे?"

म्हणजे शिल्लक ठेवलेला एक सेंटिमीटर गेला होता आणि वर अर्धा कमी पडत होता. तिनं मनातल्या मनात यादी वरून खाली वाचली. साखळी, पाणी, डिझेल, पुस्तकं. सगळं उतरलेलं होतं. मुकुल चाकाशी हवा, भार्गवी दोराशी, नाना सुकाणूशी. बायका सहा, तीनशे एकतीस. यादीत सगळ्यांची वजनं होती. तिचं स्वतःचं नव्हतं. ती काठी वाचणार होती म्हणून तिनं ते धरलंच नव्हतं.

आता काठी वाचून काही उपयोग नव्हता.

ती पाण्यातून डिंगीकडे निघाली. छातीभर पाण्यात पळता येत नाही, ती अर्धी पोहत गेली. "मथुराबाई, हात द्या!"

"जागा कुठाय?"

"काठावर. बाहेरच्या बाजूला."

दोघींनी तिला दंडाला धरून वर ओढलं. ती डिंगीच्या बाहेरच्या काठाला पोटावर लटकली, पाय मोकळे, तोंड कमळाच्या मांडीवर. अठ्ठावन्न किलो. दांडा करकरला, आणि बोट आणखी थोडी कलली. पुढे चाललेला माणूस हाक ऐकून मान वळवतो, साधारण तेवढी.

"मुकुल, आता!" भार्गवी ओरडली.

वाळूतून खरवडल्याचा आवाज आला. सुमेधाला तो डिंगीतून, दोरातून, दातांतून जाणवला. मग आवाज थांबला आणि किनारा हलायला लागला.  नानांनी दोन्ही हातांनी सुकाणू धरलं होतं आणि ते खाडीच्या खोल पाण्याकडे बघत होते. 'सांडवा' आडवी-तिडवी, एका अंगावर, सात बायका दांड्याला लटकवून वाळूवरून उतरली आणि तरंगली.

"आमाला उतरव आता," मथुरा म्हणाली. "का कोचीला नेतंस?"

कोचीचा प्रश्न उरलाच नव्हता. दोन दिवस सामान परत लावण्यात गेले. अठ्ठावीस तारखेच्या हजेरीत ठरलं की तिन्ही बोटींनी उत्तरेला जायचं आणि अंजनवेलच्या आत, वाशिष्ठी खाडीत वर जाऊन पावसाळा काढायचा. मुकुलनं कोचीच्या बंदराला फोन करून जागा सोडली. "नेट तरी येतं का तिथे?" एवढंच त्यानं विचारलं.

"नेटचं माहीत नाही," नाना म्हणाले. "पाण्याची काळजी करू नका. पोफळीचं पाणी त्याच नदीत जातं. कमी पडलं तर फोन करून सोडायला सांगीन."

एकोणतीसला सकाळी साडेसातला रेडिओ लागला. तिन्ही बोटींनी नावं सांगितली. सुमेधानं वही उघडली. काठी उपटून तिनं 'मेखला'च्या डेकवर बांधून घेतली होती. चपलांची जोडी पायाशी होती.

"आजची भरती," ती म्हणाली. "तक्त्याप्रमाणे दोन मीटर सव्वीस. काठीचा अंदाज दोन मीटर बावीस. धरायचा तो काठीचा. आता आपण सगळेच निघतोय. कुणाचं काही माझ्याकडे राहिलंय का?"

"शीळ. आमचं काही नाही. आमच्याकडे मात्र नानांची एक बरणी आहे. रिकामी."

"सांडवा," नाना म्हणाले. "बरणी ठेवा, कैऱ्या मिळाल्या की भरू. सुमेधा, तुझे पाच सेंटिमीटर माझ्याकडे राहिलेत. केव्हा नेतेस?"

रेडिओवर खरखर झाली. 'शीळ'वरून हसण्याचा आवाज पाण्यावरून थेट आला.

"राहू द्या तुमच्याकडे," सुमेधा म्हणाली. "पुढच्या वेळी वाळूवर बोट घ्याल तेव्हा लागतील. ओव्हर."

तिनं रेडिओ बंद केला आणि नांगर उचलायला पुढे गेली.